ऑगस्टमधलं पाणी

मोंटाना,
११ सप्टेंबर १९७७

ताई,

तुझं पत्र हातात पडून बरेच दिवस झाले. रोज लिहायचं ठरवतो आणि रोज काहीतरी निघतं. एक दिवस कापणीयंत्राचा पट्टा तुटला. एक दिवस मुकादमाचा कुत्रा हरवला, तो शोधायला सगळे गेलो, तर तो ट्रकखालीच झोपला होता. एक दिवस काहीच निघालं नाही, तरीही लिहिलं नाही. मग म्हटलं पेन नाही. तर टलीनं पेन दिलं. टली म्हणजे आमच्या टोळीचा स्वयंपाकी. याचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं आणि आता हा आम्हाला जेवू घालतो. दोन्हींत फरक नाही म्हणतो. पेन देताना म्हणाला, "घे. आता दुसरं कारण शोध."

आम्ही गहू कापत टेक्ससपासून वर वर सरकत येतो आणि टपाल मागून रांगत येतं. तुझ्या पाकिटावर तीन गावांचे शिक्के आहेत.

तर तू लिहिलंयस की डेल्टन बर्डसाँग नावाचा मुलगा शाळेच्या फुटबॉल संघाच्या ऑगस्टमधल्या सरावात मैदानावर कोसळला आणि तिसऱ्या दिवशी इस्पितळातच वारला. सोळा वर्षांचा. डॉक्टर म्हणाले उष्माघात. आता शाळेच्या वकिलाला कोचच्या जुन्या खेळाडूंकडून पत्रं हवीत, की कोचनी सरावात कधी कुणाला पाणी नाकारलं नाही. मी ओटिस गावी कोचच्या हाताखाली खेळलो होतो, तर मीही एक लिहावं. नवरा तुझा, पण तूही त्यांना कोचच म्हणतेस. एवढं सगळं तू एका पानात उरकलंस, आणि दुसरं पान चर्चच्या नव्या छपरावर.

पत्र दोनदा वाचलं. काहीतरी वाटेल म्हणून थांबलो. मग जेवायची घंटा झाली, गेलो, जेवलो. मटण होतं.

इथलं काम आता संपलं. उद्या-परवा नदीकाठच्या साखर कारखान्यावर जातोय. तिकडे बीटपासून साखर करतात, गळीत सुरू होईल, थंडी पडेपर्यंत काम आहे. टलीही येतोय. पत्ता खाली देतो.

एक विचारू? ओटिसला खेळलो त्याला सात वर्षं झाली. सात वर्षांत माणूस बदलतो. कोच आता पाणी द्यायला लागले होते का? तसं असेल तर मी डोळे मिटून लिहून देतो. फोनच करणार होतो, पण तुमचा लागतच नाही.

तुझा,
कॉय

*

बर्नेल, टेक्सस,
२० सप्टेंबर

कॉय,

फोन मी काढून ठेवलाय. सामना हरलो की लोक शिव्या द्यायला फोन करतात, त्याची मला सवय आहे. कोचच्या नोकरीपायी सहा गावं झाली, सहा गावांच्या शिव्या पाठ आहेत. अंगणात कुणीतरी 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवून जातं, ती उपटून मी जळणात टाकते. पण आता लोक धीर द्यायला फोन करतात. ते मला ऐकवत नाही.

इथे कुणाकडे माणूस गेलं की शेजारपाजार शिजवून डबे नेऊन देतो, हे तुला ठाऊक आहे. बर्डसाँगांकडे गेले तेच डबे आमच्याकडेही आले. तेच भाजलेलं मांस, तोच पीच भरून भाजलेला गोड पाय. मिसेस होल्कम म्हणाली, "कोचनाही पोटचं पोर गेल्यासारखंच की गं." मी थँक्यू म्हटलं. सगळं फ्रीझरमध्ये आहे. कोणी खात नाही, टाकवतही नाही.

पहिले तिन्ही सामने जिंकलो.

तुझ्या प्रश्नाला काय उत्तर देऊ? सराव म्हणजे सराव, कॉय. तू केलायस.

नीट सांगते म्हणजे तुला कळेल. बर्डसाँग कोर्टात जाणार नाहीत. डेल्टनचा बाप अमोस पवनचक्क्या दुरुस्त करतो, तो दफनाच्या दुसऱ्याच दिवशी मैदानावर आला आणि सगळ्या मुलांसमोर कोचना म्हणाला, "तुम्ही चालू ठेवा. त्यालाही तेच हवं असतं." पण शाळेच्या मंडळाला पंधरा नोव्हेंबरला चौकशी बंद करायची आहे. पत्रं पुरेशी असली तर फाईल मिटेल, कोच राहतील. नसली तर कोच जातील, आणि या वेळेला सातवं गाव मिळणार नाही. घर शाळेचं आहे. त्यांच्या गुडघ्याला दुसरं काम झेपत नाही आणि त्यांना दुसरं येतही नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी हा माणूस काय करणार?

नऊ पत्रं आलीत. नऊही म्हणतात पाणी होतं. वकील मिस्टर प्रूइट म्हणतात, तुझ्या पत्राचं वजन वेगळं. "जो मुलगा भर सरावातून उठून गेला, तोच जर म्हणाला की पाणी होतं, तर मग पुढे कोण काय बोलणार?" तू सोडून गेलास याचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग होतोय. रागावू नकोस, मला हसू आलं होतं ऐकताना.

कोचना या पत्रांचं काही माहीत नाही. त्यांनी मधे एकदा प्रूइटना एवढंच विचारलं, "उद्यापासून पाण्याची बादली ठेवू का मैदानावर?" प्रूइट म्हणाले, "कोच, आत्ता बादली ठेवलीत तर आधी नव्हती हे सगळ्यांना कळेल."

बादली ठेवली नाही. पारा अजून पंच्याण्णव फॅरनहाइटच्या खाली नाही.

लवकर लिही. चार ओळी पुरतील.

ओलीटा

*

साखर कारखाना, मोंटाना,
२ ऑक्टोबर

ताई,

चार ओळी लिहायला बसलो होतो. तेवढ्यात बीटच्या गाड्या आल्या. इथे चोवीस तास गाड्या येतात. मी ढीग लावायच्या यंत्रावर असतो. बीट येतात, वर चढतात, पडतात. ढीग आता चर्चएवढा झालाय. पहिल्या दिवशी वाटलं काय अजब गोष्ट आहे, आता दिसतही नाही. वास मात्र कपड्यांतून जात नाही. टली म्हणतो मेंढरांचा यापेक्षा बरा होता, निदान त्याला कारण होतं.

टलीला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं, पण दाखवलं. त्यानं हा खेळ कधी पाहिलेला नाही. टेक्ससमध्ये असं सांगितलं तर माणसाला डॉक्टरकडे नेतील. त्याला मी समजावलं, की ऑगस्टात शाळा उघडायच्या आधी दिवसातून दोनदा सराव असतो, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, एकमेकांवर धडकायचं, पळायचं.

"आणि पाणी?"

"पाण्यानं पाय जड होतात. मन मऊ पडतं."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. मिठाच्या गोळ्या देतात."

"प्यायला न देता मीठ?"

"हो."

टली बटाटे सोलत होता. एक आख्खा बटाटा सोलून झाला तेव्हा म्हणाला, "तुमच्याकडे मेंढरं पाळत नाहीत ते बरंय."

ताई, तुला घरातलं माहीत आहे, मैदानावरचं नाही. बायका कुंपणाबाहेर गाडीत बसायच्या. ओटिसला एक ओला टॉवेल असायचा. एकच. बर्फाच्या पाण्यात बुडवून काढलेला, तो रांगेतून फिरायचा, तोंड पुसायला. चोखायचा नाही. कोणी चोखताना सापडला तर त्याला शिक्षा नसायची, बाकीची सगळी फळी पळायची आणि त्यानं उभं राहून बघायचं. म्हणून कोणी चोखायचं नाही. मीही नाही चोखला. मला तहान लागली होती असंही आता आठवत नाही. जीभ कातड्याच्या तुकड्यासारखी झाली होती, एवढंच. मी चालायला लागलो. रस्ता ओलांडला, पेट्रोल पंपावर गाड्या धुवायची नळी होती, ती तोंडाला लावली. मागे कोणी हाक मारली नाही. शिट्टी वाजत राहिली.

आई गेल्यापासून मी तुमच्याकडेच राहत होतो, तेव्हा पळून जाणार कुठे? संध्याकाळी त्याच टेबलावर जेवायला बसलो. तू फुगून बसली होतीस. कोचनी माझ्या पेल्यात बर्फाचा चहा स्वतः ओतला. काठोकाठ.  त्याबद्दल मला कधी रागावले नाहीत. शाळेत पुढची दोन वर्षं माझ्याशेजारी डबा खायला कोणी बसलं नाही, पण कोचनी मला गाडी चालवायला शिकवली, मी गाडी भिंतीवर घातली तेव्हा आपणच चालवत होतो असं घरमालकाला खोटं सांगितलं. मी त्यांच्याबद्दल वाईट लिहू शकत नाही. तसं मागतही नाहीयेस तू.

त्यांच्या विहिरीची गोष्ट आठवते? कॉलेजात त्यांच्या कोचनी पंपाला कुलूप घातलं होतं आणि किल्ली गळ्यात अडकवून फिरायचे. कोच दरवर्षी सणाच्या जेवणाला ही गोष्ट सांगायचे. आणि नंतर उत्तरेकडच्या त्या मोठ्या संघात चार हंगाम खेळले, तिथली. मध्यंतरात डॉक्टरनं गुडघ्यात सुई टोचली, गुडघा बधिर केला, पुन्हा मैदानात सोडलं. "उरलेला सामना खेळलो, काही कळलंच नाही रे. आंघोळीला गेलो तर पाय भलतीकडेच वळला." ते हसायचे. आपणही हसायचो. तिथे त्यांचं खेळणं संपलं आणि कोच होणं सुरू झालं. मी टलीला ही गोष्ट सांगितली, अगदी त्यांच्यासारखी नक्कल करून. तो हसला नाही. मी म्हटलं, मी नीट सांगितली नसेल.

कोच काय म्हणतात? तू सगळ्यांचं लिहिलंस, त्यांचं नाही.

कॉय

*

बर्नेल,
१४ ऑक्टोबर

कॉय,

चार ओळी मागितल्या, तू चार पानं पाठवलीस. त्यात एकही कामाची नाही.

कोच काय म्हणतात विचारतोस. काही म्हणत नाहीत. उठतात, जातात, येतात. शनिवारी सकाळी नेहमीसारखे अर्ध्या रस्त्यावरच्या धाब्यापर्यंत जातात. तिथे पुढच्या संघाचा कोच येतो, दोघं आपापल्या मागच्या सामन्याच्या फिल्मची रिळं एकमेकांना देतात, कॉफी पितात, परत येतात. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर ती बघत बसतात, कागदावर गोल आणि फुल्या काढतात. तसंच चाललंय. फक्त मागच्या रविवारी दुपारी मी चर्चमधून आले तर भिंतीवर आमचाच संघ होता, गेल्या वर्षीचा. चौसष्ट नंबर. डेल्टनचा. कोच ती जागा पुढे न्यायचे आणि मागे आणायचे. मागे आणली की पडलेला मुलगा उठून उलटा चालत फळीत जाऊन बसतो. मी म्हटलं, "जेवायला वाढू?" म्हणाले, "हा डावा पाय आधी टाकतो. मी कितीदा सांगितलं होतं." आणि जेवले. दोनदा घेतलं.

सहाही सामने जिंकलो. गावात दुकानांच्या काचांवर कोचचं नाव रंगवलंय.

अमोस बर्डसाँग दर शुक्रवारी येतो. तो साखळी धरणाऱ्यांपैकी आहे. दहा यार्ड मोजायची साखळी घेऊन कडेला उभे असतात ना, ते. गेली कित्येक वर्षं तोच धरतो. कोच आणि तो एकाच कडेला, हाताच्या अंतरावर, पूर्ण सामनाभर. संपला की अमोस म्हणतो, "छान झाला, कोच." कोच म्हणतात, "तुझी कृपा, अमोस." मी वर बाकड्यावर बसून बघते. मी टाळ्या वाजवते, सगळे बघत असतात.

डेल्टनची आई येत नाही. नेवा. ती एकटीच अशी आहे की जिनं आम्हाला डबा दिला नाही, फुलं दिली नाहीत, शिवीही दिली नाही. मंगळवारी मी पीचचा पाय भाजून घेऊन गेले. तिनं दार उघडलं, मला आत बसवलं, कॉफी दिली. दोघी बसलो. तिच्याकडे भिंतीवर घड्याळ आहे ते बंद होतं. मी उठले तेव्हा एवढंच म्हणाली, "मिसेस टॅकेट, एक विचारायचं होतं. त्यानं मागितलं होतं का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

कॉय, मला माहीत आहे. कोचनी, माझ्या व्हर्जिलनं, मला पहिल्याच दिवशी सांगितलं, इस्पितळातून आल्यावर, गाडीतून उतरायच्या आधी. डेल्टननं दोनदा मागितलं होतं. 'सर' म्हणून मागितलं. व्हर्जिल म्हणाला, "मी त्याला म्हटलं, फळीतल्या पोरांना मागे सोडून जाशील का तू? तो नाही म्हणाला. फिरला, आणि परत जाऊन उभा राहिला. चांगला मुलगा होता, ओलीटा. लगेच ऐकलं त्यानं." नंतर त्यानं इंजिन बंद केलं. तो विषय पुन्हा निघाला नाही.

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

आणि तुझं पाठव. मला कळतं तू काय विचार करशील. मीही केला, करून झाला. मेलेलं पोर परत येत नाही. हा एक माणूस आहे तो तरी राहू दे. मी आता खोकी भरणार नाही, कॉय. माझ्यात नाही राहिलं.

ओलीटा

*

साखर कारखाना,
२७ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र चुलीत घातलं. टलीनं विचारलं काय जाळतोस, म्हटलं पाककृती.

सोबत दुसऱ्या कागदावर हवं ते लिहिलंय. वाच आणि चूक असेल तर सांग:

'मी कॉय लेडबेटर, १९७० साली ओटिस येथे कोच व्हर्जिल टॅकेट यांच्या हाताखाली खेळलो. सरावाच्या वेळी मैदानावर नेहमी पाणी असे व मागेल त्याला ते मिळे. मी संघ सोडला तो माझ्या स्वतःच्या कारणांनी. पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. कोचनी मला मुलासारखं वाढवलं.'

शेवटचं वाक्य खरं आहे. ते आधी लिहिलं, मग बाकीचं त्याच्यामागे लिहून गेलो. बूट बांधायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. मला वाटलं होतं दोन-चार कागद फाडावे लागतील. काही नाही. खाली सही केली आणि कामावर गेलो.

इथे बर्फ पडला. बीटचा ढीग पांढरा दिसतो, वाफ निघते त्यातून. एका मेक्सिकन पोरानं त्यावरून घसरगुंडी केली आणि मुकादमानं त्याला घरी पाठवला. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. आता त्याच्या खाटेवर दुसरा कोणी आलाय.

पोच कळव.

कॉय

*

बर्नेल,
६ नोव्हेंबर, रविवार

कॉय,

तुझं पत्र पोचलं. माझ्या हातात नाही.

गुरुवारी टपाल आलं तेव्हा मी पार्लरमध्ये केस करून घ्यायला गेले होते. कोच सराव सुरू व्हायच्या आधी कधी घरी येत नाहीत, त्या दिवशी शिट्टी विसरले म्हणून आले. वीस वर्षांत हा माणूस शिट्टी विसरलेला मी पाहिला नाही. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि उघडलं. त्यांना वाटलं असेल तू पैसे मागितले असशील किंवा लग्न करतोयस.

मी आले तेव्हा ते स्वयंपाकघरात उभे होते. बसले नव्हते. कागद हातात.

"हे कॉयनं लिहिलंय?"

मी म्हटलं, "मीच मागितलं त्याच्याकडून."

"अजून कोणी लिहिलंय?"

मी नऊ नावं सांगितली. लपवण्यात आता काय अर्थ होता? प्रत्येक नावाला ते मान हलवत होते, हजेरी घेतात तशी. तो डावीकडचा, तो बदली, तो नंतर सैन्यात गेला. त्या नऊंचं त्यांना काही वाटलं नाही. निदान चेहऱ्यावर दिसलं नाही. मग पुन्हा तुझा कागद वाचला.

म्हणाले, "इतक्या वर्षांत एकच पोरगं फळी सोडून चालत गेलं होतं. आता तेही परत येऊन उभं राहिलं."

मी म्हटलं, "कोच, त्यानं तुमच्यासाठीच केलं."

"हो ना," म्हणाले. "सगळे माझ्यासाठीच करतात."

कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. पाकीटही. शिट्टी घेतली आणि सरावाला गेले. शुक्रवारचा सामना जिंकलो, अमोस म्हणाला छान झाला, कोच म्हणाले तुझी कृपा. शनिवारी रिळं बदलून आणली. सगळं जसंच्या तसं. पण खिशातला कागद त्यांनी परत दिला नाही, आणि मी सदरा धुवायला घेतला तर तो दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात गेलेला होता.

येत्या शुक्रवारी, अकराला, हंगामाचा शेवटचा सामना आहे, आमच्याच मैदानावर. जिंकलो तर एकही न हरता हंगाम संपेल. बर्नेलमध्ये असं कधी झालेलं नाही. बँड येणार, शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या आयांना फुलं देणार. नेवाचं नाव त्या यादीत घालायचं की नाही यावर बायकांची दोन तास बैठक झाली. डेल्टन शेवटच्या वर्षात नव्हताच हे शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं.

मंडळाची बैठक मंगळवारी पंधराला. प्रूइट रोज विचारतात, तुमच्या भावाचं आलं का? मी म्हणते, टपाल उशिरा येतंय.

कॉय, दुसरी प्रत लिहून पाठवशील का? लगेच पाठवलीस तर पोचेल. की नको? मला ठरवता येत नाही. पहिल्यांदाच असं झालंय. दुपारी मी खोकी बाहेर काढली, मोकळी, आणि परत ठेवून दिली.

ओलीटा

*

साखर कारखाना,
११ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं आणि मी आजच लिहायला बसलोय. बघ, सुधारलो.

आज यंत्र बंद आहे, पट्ट्यात बर्फ गेलाय, म्हणून सगळे खाटांवर पडलेत. एक जण दाढी करतोय आणि एकच गाणं म्हणतोय, त्याला पुढची ओळ येत नाही. मी टलीच्या टेबलावर बसलोय. कागद समोर घेतला आणि दुसरी प्रत लिहायला घेतली. 'मी कॉय लेडबेटर, १९७० साली ओटिस येथे' इथपर्यंत बरोबर उतरलं. पुढे आलं नाही. मागच्या वेळी तर एका दमात लिहिलं होतं. तेव्हा वाटलं होतं की मी कोचना काहीतरी देतोय. तुझं पत्र वाचल्यापासून वाटतं की काढून घेतलं.

तसं मला फार काही वाटतंय असं समजू नकोस. बोटं गार आहेत, तेवढंच. पण नळीचं ते पाणी मला आठवलं. उन्हात तापलेलं होतं, रबराचा वास येत होता. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलंच नाही. नेवा बर्डसाँगनं विचारलं, पण तिनं तुला विचारलं, मला नाही. आणि तिच्या मुलानं मागितलं. मी मागितलं नव्हतं, मी उठून गेलो. दोन्हींत केवढा फरक आहे ते मला आज सकाळपासून मोजता येत नाहीये. मागणारा मेला. चांगला मुलगा होता, तुझ्याच पत्रात होतं.

तर मी काय म्हणतो, दुसरी प्रत नाही पाठवत. तुझं घर जाईल हे मला कळतंय. मी इथून फक्त एवढं सांगू शकतो की इथे कारखान्याच्या चाळीत जोडप्यांना खोल्या मिळतात आणि टलीला भांडी घासायला माणूस हवाय, हसू नकोस. किंवा हस. खरं तर नाही पाठवत हे तुला कसं लिहावं याचाच विचार करत होतो, तेवढ्यात टली दार ढकलून आत आला. दार उघडं ठेवून. सगळे ओरडले, "अरे, थंडी!"

टली मला म्हणाला, "तुझ्याकडे कोण येणार होतं?"

म्हटलं, "कोणी नाही."

"मग हा कोण? टेक्ससची पाटी आहे गाडीला. चिखलानं दारं दिसत नाहीत. लंगडतो. मला म्हणतो, कॉय लेडबेटर इथेच राहतो ना, आणि पाकीट दाखवलं. पत्ता तुझ्याच अक्षरात."

मी काचेवरचा बर्फ पुसून पाहिलं. शाळेचं निळं जाकीट. टोपी नाही.

टलीला विचारलं, "काय हवंय म्हणाला?"

"एक पत्र परत द्यायचंय म्हणाला. तुझ्या हातात. मी म्हटलं आत या, कॉफी घ्या. तर विचारतो, पोरगं काय करतंय? म्हटलं बहिणीला पत्र लिहितोय. तर म्हणाला, मग थांबतो, पुरं होऊ दे त्याचं. घाई नाही."

ताई, तुमच्याकडे आत्ता दुपार असेल. बँडवाले मैदानावर खुर्च्या मांडत असतील, मुलं घरी जेवत असतील, सगळं गाव दुकानं बंद करत असेल. सामन्याच्या दिवशीच कोच गावात नाहीत, याचं तू तिथे काय सांगितलंस कोण जाणे. तुझं पत्र अजून वाटेत असणार.

कोच बाहेर बाकावर बसलेत. बीटचा ढीग बघतायत. मी हे पत्र इथेच थांबवतो आणि बाहेर जातो.

कॉय